एडिटिंगला बसण्याआधी: स्वस्तातल्या हार्ड डिस्क, एसएसडी आणि बॅकअपची जुळवाजुळव

तुळशीचं लग्न लागलं की माझा फोन वाजायला लागतो. "दादा, सीझन सुरू झाला, एक चांगली हार्ड डिस्क सुचव ना." फोन करणारी पोरं कळवा, बाळकुम, कोलशेत, ऐरोली, घणसोली अशी ठाणे-नवी मुंबईकडचीच. कुणी गावातल्या हळदी शूट करतो, कुणी खाडीतल्या मासेमारीचं यूट्यूब चॅनल चालवतो, कुणी एकांकिका रेकॉर्ड करून देतो. प्रश्न एकच असतो आणि माझं उत्तरही ठरलेलं: एक नको, दोन घे. बजेट नाही म्हणालास तर साध्या घे, हळू चालणाऱ्या घे, पण दोन घे.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. धंद्यात नवीन असताना एका आगरी हळदीचं पूर्ण रात्रीचं फुटेज मी एकाच पोर्टेबल डिस्कवर घेतलं, कार्डं फॉरमॅट केली आणि दुसऱ्या दिवशी लग्नाला तीच कार्डं वापरली. चार दिवसांनी एडिट चालू असताना भाच्याचा पाय केबलमध्ये अडकला आणि डिस्क टेबलावरून खाली आली. चालू असताना. त्यानंतर तिच्यातून फक्त टक-टक आवाज येत राहिला. डेटा काढून देणाऱ्यांनी जो खर्च सांगितला, तो मला त्या लग्नाच्या मिळालेल्या पैशांच्या दीडपट होता, आणि तरीही खात्री नव्हती. मुलीच्या वडिलांना जाऊन सांगावं लागलं. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आता काय पोरीला परत हळद लावू?"

तर खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या. बरेच जण थेट दुकानातून सुरुवात करतात. दुकान इथे पाचव्या पायरीवर आहे.

पायरी १: आधी कागद-पेन घ्या

तुमचा कॅमेरा किती बिटरेटने (म्हणजे सेकंदाला किती डेटा) रेकॉर्ड करतो ते मेनूत बघा. तिथे १००एम, १४०एम, २००एम असं काहीतरी लिहिलेलं असतं. हे मेगाबिट आहेत, मेगाबाइट नव्हेत, त्यामुळे आठाने भागायचं. १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, मिनिटाला ७५० एमबी, तासाला ४५ जीबी. त्याच हिशोबाने १४० ला तासाला ६३ जीबी आणि २०० ला ९० जीबी. स्लो मोशनसाठी ४के ५० फ्रेमला शूट करायची हौस असेल तर बहुधा तुम्ही २०० च्या घरात आहात.

आता हळद आणि लग्न मिळून दोन्ही कॅमेऱ्यांचं एकूण ९ तासांचं फुटेज धरा. १०० मेगाबिटने ४०५ जीबी. त्यात ड्रोन, वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज, एडिटिंगच्या फाइली, दोन-तीन वेळा केलेले एक्स्पोर्ट. एका कामाला ५०० जीबी धरून चाला. सीझनमध्ये अशी बारा कामं केलीत तर ६ टीबी, आणि ही फक्त एक प्रत झाली.

मोबाइलवर शूट करणाऱ्यांनी हसू नये. आयफोनवर साध्या सेटिंगला ४के ३० फ्रेमचं एक मिनिट १७० एमबीच्या आसपास जातं, पण प्रोरेस (कमी दाबलेल्या, जड फाइलींचा फॉरमॅट) चालू केलंत की तेच मिनिट सुमारे ६ जीबी होतं. म्हणजे दहा मिनिटांत ६० जीबी. रीलसाठी प्रोरेस कशाला लागतं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

एक बारीक गोष्ट. २ टीबीची डिस्क विंडोजला लावली की १.८१ टीबी दिसते. दुकानदाराने फसवलेलं नसतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत. मॅकवर ती पूर्ण २ टीबी दिसते.

पायरी २: अडकतंय ते नेमकं कशामुळे, हे तपासा

"टाइमलाइन अडकते, म्हणून फास्ट एसएसडी घ्यायची आहे," असं दहातले सात जण म्हणतात. एसएसडी म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क. जरा थांबा. १०० मेगाबिटच्या फुटेजला सेकंदाला साडेबारा एमबी लागतात. दोन कॅमेरे एकाच वेळी चालले तरी २५. साधी अडीच इंची पोर्टेबल हार्ड डिस्क सेकंदाला १०० ते १३० एमबी देते. मग अडकतं कुठे?

बहुतेक वेळा प्रोसेसरमध्ये. कॅमेऱ्याची एच.२६४ किंवा एच.२६५ फाइल अशी दाबून भरलेली असते की एक फ्रेम दाखवायला मागेपुढच्या पाच-दहा फ्रेम उलगडाव्या लागतात. त्यात फुटेज १०-बिट ४:२:२ असेल तर बऱ्याच ग्राफिक्स कार्डांना ते थेट उलगडता येत नाही, आणि सगळा भार लॅपटॉपच्या प्रोसेसरवर पडतो. अशा वेळी कितीही महाग एसएसडी लावा, फरक पडत नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे. एक क्लिप लॅपटॉपच्या आतल्या ड्राइव्हवर कॉपी करा आणि तिथून चालवून बघा. तरीही अडकली तर डिस्क निर्दोष आहे. मग उपाय प्रॉक्सी. रिझॉल्व्ह आणि प्रीमियर या एडिटिंगच्या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सी बनवता येतात. ४के फुटेजच्या १०८० मधल्या हलक्या प्रती करायच्या, विंडोजवर डीएनएक्सएचआर एलबी, मॅकवर प्रोरेस प्रॉक्सी. २५ फ्रेमला तासाला साधारण १७ जीबी जागा लागते. ९ तासांच्या प्रॉक्सी दीडशे जीबीच्या आसपास, म्हणजे लॅपटॉपच्या आतच मावल्या. मूळ फुटेज हळू हार्ड डिस्कवर असलं तरी चालतं, ते शेवटी रेंडरला लागतं. रात्री प्रॉक्सी लावा, झोपा, सकाळी कटिंगला बसा.

आतली क्लिप सुरळीत चालली आणि बाहेरची अडकली तर मात्र दोष डिस्कचा किंवा केबलचा. हार्ड डिस्कमध्ये फिरणारी तबकडी आणि तिच्यावरून सरकणारी सुई असते. टाइमलाइनवर इकडून तिकडे उड्या मारल्या की सुईला प्रत्येक वेळी धावावं लागतं. शिवाय डिस्क भरत आली की आतल्या, लहान घेराच्या भागात लिहिलं जातं आणि वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. नवी असताना चालणारी डिस्क सहा महिन्यांनी रडायला लागते ती यामुळेही.

पायरी ३: कामाची डिस्क वेगळी, सांभाळायची वेगळी

घरात रोजच्या वापराचा तांब्या आणि माळ्यावरचा पाण्याचा पिंप वेगळा असतो तसंच हे.

कामाच्या डिस्कवर आत्ता चालू असलेली दोन-तीन कामं. इथे एसएसडी असली तर उत्तम. ५०० जीबी कमी पडते, १ टीबी पुरते. बॉक्सवर १०५० एमबी प्रति सेकंद वगैरे लिहिलेलं असतं. आपल्या कामाला ४००-५०० मिळाले तरी भरपूर आहे, त्याहून वरच्या आकड्यासाठी पैसे मोजू नका. मात्र स्वस्त एसएसडीची एक खोड माहीत असू द्या. तिच्यात थोडा भाग वेगवान असतो, बाकीचा मंद. ओसरीवर सामान पटापट टाकता येतं, नंतर ते एकेक करून माळ्यावर न्यायचं, तसा हा प्रकार आहे. ओसरी भरली की प्रत्येक पिशवी थेट माळ्यावर, आणि वेग कधीकधी हार्ड डिस्कपेक्षाही खाली येतो. ४०० जीबी एका दमात टाकाल तेव्हा हे जाणवेल. मालाच्या वर्णनात क्यूएलसी लिहिलेलं असेल तर ही खोड जास्त, टीएलसी असेल तर कमी.

थोडी खटपट जमत असेल तर एनव्हीएमई एसएसडी (लॅपटॉपच्या आत बसते तसली पट्टी) आणि तिचं यूएसबी एन्क्लोजर, म्हणजे डबा, वेगवेगळं घ्या. दोन स्क्रू लावायचे असतात, बाकी काही नाही. फायदा असा की एन्क्लोजर बिघडलं तर ते बदला, डेटा आत शाबूत. एसएसडी गरम फार होते, तेव्हा एन्क्लोजर अॅल्युमिनियमचंच घ्या.

सांभाळायची डिस्क म्हणजे साधी हार्ड डिस्क. काम संपलं की मूळ फुटेज, प्रोजेक्ट फाइल आणि अंतिम फिल्म तिच्यावर. इथे वेगाला काही किंमत नाही, टीबीमागे किती रुपये पडले तेवढंच बघायचं. दुकानात उभं असताना मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर भागाकार करा. १ टीबीची डिस्क स्वस्त वाटते, पण टीबीमागचा भाव तिचाच सर्वांत महाग निघतो. पोर्टेबलमध्ये २, ४, ५ टीबी, आणि अडॅप्टर लागणाऱ्या मोठ्या साडेतीन इंचीमध्ये ८ टीबीपासून पुढे हिशोब बरा बसतो.

जास्त क्षमतेच्या पोर्टेबल हार्ड डिस्क बहुतेक एसएमआर पद्धतीच्या असतात. तबकडीवरचे पट्टे मंगळोरी कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. नवीन कौलारू छप्पर घालताना अडचण नाही. मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात. म्हणून अशा डिस्कवर एकदा लिहून ठेवून दिलं तर उत्तम चालते, पण तिच्यावरच रोज एडिट केलं, पुसलं, परत लिहिलं तर ती गुदमरते. याच कारणाने रेंडर कॅशे आणि मीडिया कॅशे, म्हणजे एडिटिंग करताना सॉफ्टवेअर बनवतं त्या तात्पुरत्या फाइली, कधीही हार्ड डिस्कवर ठेवू नका. रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्ट सेटिंग्जमधल्या वर्किंग फोल्डर्समध्ये, प्रीमियरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या मीडिया कॅशेमध्ये जागा बदलता येते. ती लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर द्या.

आणि उलटी चूकही करू नका. "एसएसडीत फिरणारं काही नाही, म्हणजे ती जास्त टिकणार," असं म्हणून जुनी कामं एसएसडीवर टाकून कपाटात ठेवणारे भेटतात. एसएसडीत डेटा म्हणजे साठवलेला विद्युतभार. वीज न मिळता ती वर्ष-दोन वर्षं पडून राहिली, त्यात झिजलेली असली आणि खोली आपल्याकडच्यासारखी गरम असली, तर तो भार हळूहळू गळतो. कपाटासाठी हार्ड डिस्कच बरी.

पायरी ४: खिशात किती आहेत त्यावर ठरवा

भाव महिन्याला हलतात, म्हणून रुपयांऐवजी क्रम सांगतो.

पैसे अगदीच बेताचे असतील तर २ टीबीच्या दोन पोर्टेबल हार्ड डिस्क. कटिंग लॅपटॉपच्या आतल्या ड्राइव्हवर, प्रॉक्सीने. एसएसडी नाही. मी स्वतः दोन सीझन असेच काढले.

थोडे जास्त असतील तर त्याच दोन डिस्क ४ टीबीच्या. त्यानंतर उरले तर १ टीबीची एसएसडी. क्रम उलटा करायचा मोह प्रत्येकाला होतो, कारण एसएसडी लावली की पहिल्याच दिवशी फरक दिसतो आणि दुसऱ्या हार्ड डिस्कचा फरक काही बिघडेपर्यंत दिसत नाही.

कामं वर्षाला पंधरा-वीसच्या पुढे गेली की साटा डॉक घ्या. त्यात साडेतीन इंची उघड्या डिस्क वरून खोचायच्या, जुन्या व्हीएचएस कॅसेटसारख्या. एका सीझनला एक जोडी, वर लेबल. दर वेळी नव्या डब्याचे आणि अडॅप्टरचे पैसे वाचतात. फक्त त्या विजेवर चालतात. पोर्टेबल डिस्क लॅपटॉपच्या बॅटरीवर तगते, ही नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईसकट ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली होती, तेव्हा ज्यांच्या डॉकवर कॉपी चालू होती त्यांना यूपीएसची किंमत कळली. डॉक घेणार असाल तर यूपीएस त्याच खर्चात धरा.

रेडच्या, म्हणजे दोन डिस्क जोडून दोन्हींवर एकदम तेच लिहिण्याच्या वाटेला इतक्यात जाऊ नका. एक डिस्क गेली तरी काम चालू राहावं यासाठी रेड असतं. चुकून फोल्डर डिलीट केलंत तर ते दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जातं.

पायरी ५: दुकान

ठाण्यात गोखले रोड, राम मारुती रोडच्या पट्ट्यात आणि नवी मुंबईत वाशीच्या सेक्टर १७ मध्ये नेहमीच्या कंपन्यांचा माल मिळतो. एन्क्लोजर, डॉक, उघड्या डिस्क असलं सुटं सामान एकाच ठिकाणी तुलना करून घ्यायचं असेल तर लॅमिंग्टन रोड, म्हणजे पाटीवरचा डॉ. भडकमकर मार्ग. ठाण्याहून दादरला उतरून वेस्टर्नची स्लो पकडा आणि ग्रँट रोडला उतरा. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात. ऑनलाइन भाव आधी बघून ठेवा आणि दुकानात तोच सांगा. फरक दोन-तीनशेचा असेल तर मी दुकानातून घेतो, काही बिघडलं तर माणसाच्या तोंडाशी बोलता येतं.

बिल जीएसटीचंच घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. "बिलाशिवाय तीनशे कमी" हा सौदा वॉरंटीच्या दिवशी महागात पडतो. खोक्यावर एमआरपी आणि भारतातल्या आयातदाराचं नाव-पत्ता असलेलं लेबल हवं. ते नसेल तर माल चोरवाटेने आलेला असू शकतो, आणि मग इथलं सर्व्हिस सेंटर दारात उभं करत नाही. सीरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटी कधीपर्यंत आहे ते दुकानातच बघता येतं. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, आतलं लग्न मिळत नाही, हेही डोक्यात राहू द्या.

दोन डिस्क वेगवेगळ्या कंपनीच्या घ्या. ते जमलं नाही तर निदान वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या दुकानातून. एकाच खोक्यातल्या दोघी जणी एकाच दोषाने एकाच महिन्यात आजारी पडू शकतात.

"१६ टीबी एसएसडी, फक्त १,४९९" अशा जाहिराती दिसल्या की पुढे सरका. आत एखादं छोटं मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं आणि त्याच्या चिपला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. कॉम्प्युटरला १६ टीबी दिसतात, कॉपीही होते, पण खरी जागा संपली की जुन्या डेटावरच नवीन लिहिलं जातं. फोल्डर सगळे दिसतात, उघडत एकही नाही.

जुन्या डिस्कबद्दल विचारतात. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून निघालेल्या डिस्क बाजारात भरपूर येतात. घ्यायचीच असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर लावून पॉवर ऑन अवर्स बघा. वर्षाचे ८,७६० तास होतात. २६,००० दिसले तर ती तीन वर्षं अखंड फिरलेली आहे. रिअॅलोकेटेड सेक्टर किंवा पेंडिंग सेक्टर (तबकडीवरच्या बिघडलेल्या जागा) यांच्यासमोर शून्याशिवाय काही दिसलं तर फुकट दिली तरी नको.

केबल तिथेच बघून घ्या. टाइप-सी दिसायला सगळ्या सारख्या, पण मोबाइलच्या चार्जरसोबत येते ती बहुधा यूएसबी २ ची असते आणि सेकंदाला ३५-४० एमबीच्या वर जात नाही. ४०० जीबीला तीन तासांच्या आसपास. डिस्कसोबत आलेल्या केबलला रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा, म्हणजे घरात कुणी ती मोबाइलला लावणार नाही. नावांच्या घोळात अडकू नका: यूएसबी ३.०, ३.१ जेन १ आणि ३.२ जेन १ हे तिन्ही एकच, ५ गिगाबिट. जेन २ म्हणजे १०. "२×२" लिहिलेली २० गिगाबिटची एसएसडी मॅकला लावली तर बहुधा १० वरच चालते, तेव्हा मॅकवाल्यांनी तिचे जास्तीचे पैसे देऊ नयेत.

पायरी ६: घरी आणल्यावर पहिली रात्र

नवी डिस्क लगेच कामाला जुंपू नका. आधी ती पूर्ण भरून, परत वाचून बघायची. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, मॅकवर एफ३, दोन्ही मोफत. २ टीबीच्या हार्ड डिस्कला लिहायला साडेपाच तास आणि वाचायला जवळपास तेवढेच, म्हणून रात्री लावा. डिस्क खोटी असेल किंवा जन्मतःच आजारी असेल तर इथेच कळतं, आणि बदलून घ्यायची मुदतही संपलेली नसते. वेग बघायला ब्लॅकमॅजिकची डिस्क स्पीड टेस्ट पुरते.

मग फॉरमॅट. विंडोज आणि मॅक दोन्हींवर न्यायची असेल तर एक्सफॅट. फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस. मॅकला एनटीएफएस वाचता येतं, लिहिता येत नाही. एक्सफॅटला एक कमजोरी आहे, लिहिता लिहिता केबल निघाली तर सावरायला तिच्याकडे नोंदवही नसते. म्हणून इजेक्ट केल्याशिवाय काढायची नाही, कितीही घाई असली तरी. फॅट३२ मात्र कधीच नको. त्यात ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही. गिऱ्हाईक जुना पेन ड्राइव्ह घेऊन येतं आणि ६ जीबीची फिल्म त्यात जात नाही, तेव्हा कारण हेच असतं.

पायरी ७: शूटवरून आल्यावर

पहाटे चारला हळदीहून घरी आलात, कानात अजून बेंजो वाजतोय. चुका याच वेळी होतात. म्हणून क्रम पाठ करून ठेवा आणि डोकं न वापरता तेवढाच करा.

कार्डातलं फुटेज डिस्क क्रमांक एकवर, मग कार्डातूनच डिस्क क्रमांक दोनवर. एकवरून दोनवर नको, कारण पहिली कॉपी बिघडलेली असेल तर बिघाडच पुढे जातो. कार्डातल्या फक्त क्लिप उचलू नका, पूर्ण फोल्डर जसंच्या तसं घ्या. काही कॅमेऱ्यांची माहिती शेजारच्या छोट्या फाइलींमध्ये असते. फोल्डरच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, मग गाव, मग कॅमेरा. या क्रमाने नावं दिली की यादी आपोआप तारखेनुसार लागते. "शर्मा फायनल न्यू २" असं नाव दिलेलं फोल्डर दोन वर्षांनी तुम्हालाच ओळखू येत नाही.

कॉपी साध्या ओढून-टाकण्याने करू नका. विंडोजवर टेराकॉपीला व्हेरिफाय करायला सांगा. रिझॉल्व्हच्या मीडिया पेजवर क्लोन टूल आहे, तेही प्रत जुळवून बघतं आणि त्याला वेगळे पैसे लागत नाहीत. कॉपी हळू वाटली तर डिस्कला शिव्या देण्याआधी कार्ड बघा. साधं यूएचएस-१ कार्ड जेमतेम ९० एमबी देतं, ४०० जीबीला सव्वा तास लागणारच, पुढे कितीही वेगवान एसएसडी असो.

दोन्ही प्रती जुळल्या, प्रत्येकीतल्या चार-पाच क्लिप मधून-मधून उघडून बघितल्या, की मगच कार्ड फॉरमॅट. तेही कॅमेऱ्यातच. दुसऱ्या दिवशी लग्न आहे आणि कार्डं कमी पडतायत, ही सबब होऊ नये म्हणून दोन जास्तीची कार्डं घ्या. माझं नुकसान खरं तर डिस्क पडल्याने झालं नाही, कार्डं लवकर पुसल्याने झालं.

चालू डिस्क हलवायची नाही. बंद असताना ती बाइकवरून घोडबंदर रोडचे खड्डे सोसते, कारण सुई बाजूला उभी केलेली असते. चालू असताना टेबलावरचा एक दणका पुरतो. लॅपटॉपच्या झाकणाला डिस्क लोंबकळत ठेवून लोकलमध्ये एडिट करणारेही मी पाहिलेत. त्या चपट्या, रुंद मायक्रो-बी पोर्टची पकड तशीही नाजूक असते, आणि बऱ्याच पोर्टेबल डिस्कमध्ये तो पोर्ट थेट आतल्या सर्किटवर झाळलेला असतो. पोर्ट हलला की डिस्क काढून दुसऱ्या डब्यात घालायची सोयही उरत नाही.

पायरी ८: तिसरी प्रत, आणि ती घराबाहेर

पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने मांडलेला ३-२-१ चा नियम या धंद्यात सगळे सांगतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. सुरुवातीला तीनही पूर्ण प्रती परवडत नाहीत, मान्य. पण "एक दुसऱ्या जागी" हे फुकटात जमतं. तुमच्या दोन डिस्कपैकी एक बहिणीकडे खारघरला, मामाकडे नेरुळला, कुठेही. ट्रान्स-हार्बर लोकलने रविवारी जेवायला जाताना डिस्क बदलून आणायची. २६ जुलै २००५ ला तळमजल्यांवर पाणी शिरलं तेव्हा मूळ आणि बॅकअप एकाच कपाटात ठेवणाऱ्यांचं दोन्ही एकत्रच गेलं असतं.

क्लाउडवर मूळ फुटेज चढवायचं का? घरच्या फायबरला अपलोड खरोखर १०० मेगाबिट मिळत असेल तर ४०० जीबीला नऊ तास. जमण्यासारखं आहे, पण महिन्याचं भाडं चालू राहतं आणि सीझनला ६ टीबी होतात. मी क्लाउडवर फक्त प्रोजेक्ट फाइल आणि अंतिम फिल्म ठेवतो. प्रोजेक्ट फाइली इतक्या छोट्या असतात की गुगलच्या मोफत १५ जीबीत वर्षानुवर्षं मावतात, आणि तुमची तीन आठवड्यांची मेहनत त्यांच्यातच असते.

दोन डिस्क सारख्या ठेवायला फ्रीफाइलसिंक हे सॉफ्टवेअर चांगलं आहे. त्यातला मिरर पर्याय वापरताना मात्र श्वास रोखून यादी वाचा. इकडे चुकून पुसलेलं तो तिकडेही इमानदारीने पुसतो. सुरुवातीला अपडेट पर्याय वापरा, तो पुसत नाही.

पावसाळ्यात डिस्क भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटात नकोत. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि डबा वरच्या फळीवर. एसीच्या खोलीतून दमट हवेत आणलेली डिस्क लगेच लावू नका, अर्धा तास तशीच ठेवा. दर तीन महिन्यांनी प्रत्येक डिस्क लावून क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तब्येत बघायची. बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी २०१३ पासून आपल्या डेटा सेंटरमधल्या डिस्कचे आकडे जाहीर करते. तिथे वर्षाला शंभरातल्या साधारण एक-दोन बंद पडतात. त्या थंड खोलीत रॅकला स्क्रूने बसवलेल्या असतात, तुमची सॅकमध्ये डब्याशेजारी असते.

पायरी ९: किती दिवस सांभाळायचं, ते कोटेशनमध्ये लिहा

सगळं कायम ठेवायचं म्हटलं तर दर सीझनला नव्या डिस्क घेत बसाल. फिल्म दिल्यापासून ९० दिवस मूळ फुटेज ठेवू, नंतर पुसू, अशी ओळ कोटेशनमध्ये टाका आणि पुसण्याआधी व्हॉट्सअॅपवर एकदा कळवा. अंतिम फिल्म आणि प्रोजेक्ट फाइल मात्र मी पुसत नाही, ती जागा नगण्य असते. पहिल्या बाळाच्या बारशाला लग्नाचा पेन ड्राइव्ह हरवलेला असतो आणि फोन तुम्हालाच येतो.

मूळ फुटेज हवं असणाऱ्याला सांगा, डिस्क तुमची, कॉपी करून मी देतो. इथे सगळे असंच करतात. फक्त ती नवी, सीलबंद आणायला सांगा. एकदा एकांनी ऑफिसमधली जुनी डिस्क आणली, तिच्यात शॉर्टकट व्हायरस होता आणि माझा अर्धा दिवस लॅपटॉप साफ करण्यात गेला. तेव्हापासून गिऱ्हाइकाची डिस्क आली की मी आधी ती त्यांच्यासमोर फॉरमॅट करतो. त्याआधी मात्र दोनदा विचारतो, "आत काही ठेवायचं नाही ना?"